हलकी पहार

तळ्याच्या बर्फात पडलेल्या त्या भोकाबद्दल मी आजवर पुष्कळ बोललो आहे. गणपतीच्या जेवणात, कुणाकुणाच्या वाढदिवसाला, एकदा तर मंडळाच्या स्टेजवर माइक हातात घेऊन. खरं मात्र एकदाही बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही भाऊबीजेला आमच्याकडे नसता.

भाऊबीजेचं का काढलं? मंगेश माझा मित्र. तो वेंगुर्ल्याचा, मी पुण्याचा. इथे अमेरिकेत, शॉमबर्गला एकाच ऑफिसात लागलो, तेव्हापासूनची दोस्ती. त्याची बायको वृंदा दर भाऊबीजेला मला पाटावर बसवते आणि ओवाळते. मी तिचा सख्खा भाऊ नाही, लांबचाही नाही. तिच्या नवऱ्याला मी बर्फाच्या पाण्यातून ओढून काढलं, म्हणून ओवाळते. निरांजन फिरवताना तिचे डोळे दरवर्षी भरतात. मी मान खाली घालून बसतो. लोकांना तो माझा साधेपणा वाटतो.

मंगेशचं लहानपण समुद्राकाठी गेलेलं. इथले लोक हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर चालत जातात, गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात आणि स्टुलावर बसून गळ सोडतात, हे त्याला कळलं तेव्हा गडी लग्न ठरल्यासारखा खुलला. मी पिढ्यान्‌पिढ्या वरणभातवाला. पण त्याच्यासोबत जायचो. कशासाठी? त्या शांततेसाठी. पांढरं तळं, पांढरं आभाळ, मधली रेघ पुसून गेलेली. बोललेलं फार दूर जात नाही, तोंडापाशीच वाफ होऊन राहतं. मधूनच खालून बर्फाचा हुंकार येतो — लांबलचक, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. तिथे मला घड्याळ आठवायचं नाही, ऑफिस आठवायचं नाही, आपण कुठल्या देशात आहोत तेही नाही.

या नादात एक नियम आहे. पुढे चालणाऱ्याच्या हातात बर्फ फोडायची पहार असते. इथे तिला चिझल म्हणतात, मंगेश पहारच म्हणायचा. पाऊल टाकायच्या आधी पुढच्या बर्फावर ती जोरात हाणायची. टणक आवाज आला तर पाऊल टाकायचं. एका घावात आरपार गेली, पाणी वर आलं, तर ओरडून मागच्यांना थांबवायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं. मागचा माणूस पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून येतो. त्याच्या हातात काही नसतं. पुढच्यावरचा विश्वास, तेवढाच.

त्या वर्षी आम्ही आमची स्वतःची पहार घ्यायला गेलो. दुकानात दोन होत्या. एक लोखंडी, छातीपर्यंत उंच, चांगली वजनदार. वर मनगटात अडकवायला पट्टा. दुसरी आखूड, चकचकीत, हातात घेतली तर छत्रीसारखी. मंगेशने जडवाली उचलली आणि म्हणाला, "हीच घेऊया. हिच्या वजनानेच काम होतं रे."

मी ती हातात घेतली, आणि माझं मनगट वाकलं. काउंटरवरचा माणूस हसला. वाईट नव्हता हसला, सहजच. पण मला लागलं. मग मी काय करावं? फोन काढला, हलकीचे रिव्ह्यू वाचून दाखवले, धातूच्या मजबुतीवर दहा मिनिटं लेक्चर ठोकलं. इंजिनिअर माणूस! स्वतःला न पेलणारी गोष्ट वाईट कशी आहे, हे सिद्ध करायला कितीसा वेळ लागतो? वर म्हणालो, "पुढे मी चालणार ना? मग मी ठरवतो." मंगेश म्हणाला, "बरं बाबा, तू म्हणशील तसं." तो माझ्यावर असाच सहज विसंबायचा.

सीझनचा पहिला बर्फ होता. सकाळी धुकं. सूर्य होता, पण दुधात बुडालेला. मी पुढे, मंगेश मागे, त्याच्या हातात सामानाच्या घसरगाडीची दोरी. हलक्या पहारीला स्वतःचं वजन नाही, म्हणून दर घावाला खांद्यातून जोर लावावा लागतो. मी सुरुवातीला लावला. मग हात भरून आले. मग मी नुसतीच टेकवत चाललो — टक, टक, काठी टेकावी तशी. मागून ऐकणाऱ्याला काय कळणार? मला तर गोडच वाटत होतं. धुक्यात आपण चालतोय की तरंगतोय, काही समजत नव्हतं. तीरही दिसेनासा झाला होता.

आणि पहार आत गेली.

जोर न लावता गेली. भोकातून काळं पाणी वर आलं आणि माझ्या बुटाच्या टोकापर्यंत पसरलं. मी पाहिलं. नीट पाहिलं. तोंड उघडायचं होतं फक्त. पण मनात काय आलं, सांगू? मंगेश म्हणेल, बघ, जडवाली घेतली असती तर आधीच कळलं असतं. बस्स, एवढंच. मी स्वतःला समजावलं की कुणाचं तरी कालचं भोक असेल, वरवर गोठलेलं. मी जरा वळसा घेतला, अंगाने हलका म्हणून पार झालो, आणि मागे न बघता म्हणालो, "ये, ठीक आहे."

तो आला. माझ्याच पावलांवरून आला.

आवाज फार मोठा झाला नाही. मी वळलो तेव्हा त्याची टोपी आणि दोन हात दिसत होते. मी पोटावर आडवा पडलो आणि पहार पुढे केली. ती आखूड पडली, आणि पट्टा नव्हता, म्हणून माझ्या हातमोज्यातून निसटून पाण्यात गेली. मग मी सरपटत वळसा घालून मागे राहिलेल्या घसरगाडीपाशी गेलो, तिची दोरी त्याच्याकडे टाकली आणि ओरडत राहिलो. धुक्यात जवळच तंबू ठोकून मासे धरत बसलेली माणसं धावत आली, खरं तर त्यांनीच ओढलं. पण दोरी माझ्या हातात होती.

हॉस्पिटलमध्ये वृंदाने विचारलं, "असं कसं झालं, दादा?" त्याआधी तिने मला कधी दादा म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "तो जरा बाजूला गेला. माझी लाईन सोडली त्याने."

मंगेशला त्या क्षणाचं धड काही आठवत नव्हतं. त्याने माझा शब्द घेतला. नंतर तो स्वतःच हसत सांगू लागला, "मी कुणाचं ऐकतो का? सोडली लाईन आणि गेलो खाली." लोक हसतात. पण त्याने गळ बांधून ठेवले, ते कायमचे. बर्फ पडला की गाडी वृंदाला देतो. ऑफिसात साधा निर्णय घेतानाही मला विचारतो, "बघ रे, माझं लक्ष नसतं." समुद्राकाठी वाढलेला माणूस — त्याचा स्वतःच्या पावलांवरचा भरवसाच मी काढून घेतला.

अपघाताच्या वेळी त्यांची सई केजीत होती. आता गाडी चालवते. यंदा तिला बर्फावर जायचं होतं. भाऊबीजेच्या ताटापाशीच तिने फोनवरच्या दोन पहारी माझ्यापुढे धरल्या. "काका, विच वन? द लाइट वन इज सो क्यूट!" मी इतक्या जोरात "नाही" म्हणालो की सगळे बघायला लागले. वृंदा म्हणाली, "दादांबरोबर जा, मग मला टेन्शन नाही. बाबांना नको नेऊस, ते लाईन सोडतात." मंगेशच सगळ्यात जास्त हसला.

मी सईला जडवाली घेऊन दिली. छातीपर्यंत उंच, मनगटाला पट्टा. तळं गोठल्यावर आम्ही निघालो. ती पुढे, मी मागे. मंगेश तीरावर गाडीजवळ, हातात चहाचा थर्मास. घाव पडत होते, तळं हुंकार देत होतं, धुकं अगदी तसंच होतं. मला वाटलं, आता टोपी दिसेल, दोन हात दिसतील.

सई थांबली. पहार आत गेली होती. ती लगेच ओरडली, "काका, गो बॅक! नाऊ!"

मुलीला एक क्षणही लागला नाही.

तीरावर मंगेशने तिच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! मी असतो तर गेलो असतो सरळ पुढे." मग त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि आधी मला दिला.

मी तो घेतला आणि प्यायलो.