गाडीच्या पडवीतला दिवा

टेम्पो विकायचा नाही असं मी ठरवलं तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. सारोळ्याहून भाजी वाहून वाहून त्याची हाडं खिळखिळी झाली होती, आणि माझीही. तरी मी हौद्यावर पत्र्याचा टप चढवला, आत दोन बाकं, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली आणि त्याचं घर केलं.

कारण साधं होतं. बायकोला काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नजर आहे तोवर तिला चार ठिकाणं दाखवावीत, एवढंच माझ्या मनात होतं. जन्मभर मी रस्त्यावर आणि ती भोंगवलीच्या शेतात. याची मला लाज वाटायची.

गाडीच्या बाजूला ताडपत्री ओढून बांबूवर बांधली की पडवी तयार व्हायची. तिथे उजेड पाहिजे, हे तिचंच म्हणणं. "दिवेलागणीला दारात अंधार नको," म्हणाली. मी टपाच्या कडेने एलईडीची पट्टी चिकटवली, मागच्या वेगळ्या बॅटरीवरून वायर आणली, दाराशी बटण बसवलं. पांढरा उजेड टोचतो म्हणाली, म्हणून पिवळी पट्टी आणली. मग पायरीखाली एक दिवा. मग बांबूंना दोन. शेजाऱ्याने विचारलं, लग्नाचा मांडव घातलाय का? मी म्हणालो, व्हय, जेवायला या. हौसेला मोल नसतं, आणि मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नव्हतो.

रोज सांजेला मी बटण दाबायचो. टक् असा आवाज व्हायचा आणि ती हात जोडायची. दिवा तेलाचा असो की विजेचा, लागला की हात जोडायचे, ही आमच्याकडची रीत. मग ती म्हणायची, "लई झ्याक दिसतंय." ते ऐकलं की दिवसभराची कटकट मी विसरून जायचो.

दिवाळी झाल्यावर तिच्या माहेरी, मार्गासनीला निघालो. वाटेत खड्ड्यांनी गाडीला आणि आम्हाला घुसळून काढलं. गावाबाहेर एका बांधाला गाडी लावली, ताडपत्री ओढली, ती बाजल्यावर बसली. दिवस मावळला तसं मी बटण दाबलं.

टक्. उजेड काही पडला नाही. फ्यूज गेला असणार. तोंडात शिवी आली होती, तेवढ्यात बाजूला पाहिलं. तिने हात जोडले होते.

"लई झ्याक दिसतंय," ती म्हणाली.

आता मला एकेक आठवायला लागलं. कंबर दुखते असं सांगून तिने तांदूळ निवडायचे सोडले होते. पायरी उतरताना आधी पायाने चाचपायची. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि मी दिवे वाढवत बसलो होतो.

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारा बांधावरून चालला होता, तो थांबला.

"पाव्हणं, अंधारात का बसलायसा? दिवा लावा की."

तिचे हात हळूहळू मांडीवर आले. म्हातारा पुढे गेला. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येईनाशा झाल्या.

"लागलाच न्हाई व्हय?" तिने विचारलं.

"फ्यूज गेलाय. तुला कवापासनं दिसंना?"

"श्रावणापासनं. दिवसा समोरचं तेवढं दिसतंय. सांज झाली की काईच न्हाई."

"मग सांगायचं न्हाईस?"

"तुमी येवढ्या हौसेनं लावलावता."

मी रडलो. ती रडली नाही. तिने हाताने चाचपत माझा खांदा शोधला आणि त्यावर थोपटत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी फ्यूज बदलला. दिवे अजून आहेत, एकही काढलेला नाही. सांजेला मी बटण दाबतो, पण नुसत्या आवाजावर ती आता हात जोडत नाही. थांबते. मी पडवीत जाऊन पट्टी, पायरी, दोन्ही बांबू, सगळं नीट बघतो आणि सांगतो, "लागला." मग माझ्या शब्दावर ती हात जोडते.