चौथ्या मजल्यावरून परत आलेलं ताट

चौथ्या मजल्यावरच्या बाईने मला फसवलं. दादरच्या बाजारात वीस वर्षं ती माझ्याकडूनच मासे घ्यायची. आमची घासाघीस ऐकायला बाजूच्या कोळणी आपलं गिऱ्हाईक सोडून वळायच्या.

"मावशी, पापलेटचा भाव सांगताय की सोन्याचा?"

"सोनंच तळ मग! नवऱ्याचे दात गेले तर माझ्याकडे येऊ नकोस."

तिच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर विकायला निघालं, तेही तिनेच सांगितलं. "घेऊन टाका मावशी, आम्ही आहोत ना." नवरा गेलेला, मुलगी सासरी. मी धंदा आवरला, कोळीवाडा सोडला आणि ते घर घेतलं. भाव पाडून घेतलं, पण घेतलं ते तिच्या शेजारासाठी.

पहिल्याच रविवारी सुरमई तळून तिला ताट नेऊन दिलं. संध्याकाळी ते माझ्या दाराच्या कडीला पिशवीत लटकत होतं. घासलेलं, रिकामं. शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर घालतात. बेलही वाजली नव्हती.

मग सोसायटीचा कागद आला. लिफ्टमध्ये माशांचा वास येतो, संबंधितांनी जिना वापरावा. खाली सह्या, त्यात तिची दुसरी. धंदा आवरल्यापासून माझ्या टोपलीला तर सहा महिने माशाचं पाणी लागलेलं नव्हतं.

शिळा मासा बर्फावर ठेवला की ताज्यासारखा चमकतो. खरं कळतं कल्ला उचलल्यावर. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे मासे असे पारखले, आणि हिच्या गोड बोलण्यावरचा बर्फ मला दिसला नाही.

जिन्यात गाठलं तिला. "सही का केलीस गं?"

"सगळ्यांनी केली मावशी. मी एकटी काय बोलणार?"

"आणि ताट?"

"सासूबाईंना चालत नाही."

"काय, मासे?"

"मासे चालतात," ती म्हणाली, आणि जीभ चावून भराभर वर निघून गेली.

त्यानंतर माझ्या दाराशी कुणी थांबलेलं नाही. दुपारी मी टीव्हीचा आवाज मोठा ठेवते, घरात कुणी बोलतंय असं वाटावं म्हणून.

वीस वर्षं मी कापून दिलेला मासा तुमच्या घरात चालला. त्याच हातांनी तळल्यावर त्याला काय झालं? सासूबाईंच्या आड लपू नकोस. खाली ये, बेल वाजव आणि माझ्या तोंडावर सांग.