पाद्र्याचं वतन

गेल्या हिवाळ्यात बाबांची मधली नजर गेली, आता फक्त डोळ्याच्या कडेने थोडं दिसतं. हॅलिफॅक्सच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, इंजेक्शनांनी पुढचं नुकसान लांबेल, गेलेलं परत येणार नाही. बाबा नागपूरला कॉलेजात इतिहास शिकवायचे. निवृत्तीनंतर माझ्याकडे आले ते एका इंग्रज पाद्र्याचं इंग्रजी चरित्र मराठीत आणायचं ठरवूनच. सतराव्या शतकातला हा माणूस खेड्यातलं चर्च सांभाळत अरबी शिकला होता आणि म्हातारपणी त्याने अरबीचा शब्दकोश लिहिला होता. आता एकच प्रकरण उरलं होतं, आणि छापून झाल्यावर ते बाबांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं.

मी शनिवार आखून टाकला. सकाळी ग्रोसरी, मग ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने काढणं, जेवणानंतर बेसमेंटमध्ये बाबांचं काम. मी इंग्रजी वाचायचं, मराठी करून टाइप करायचं, त्यांनी दुरुस्त करायचं.

पाद्र्याने नव्या राजवटीची शपथ घ्यायला नकार दिला, इथपर्यंत ठीक चाललं. पुढे होतं, ‘ही लॉस्ट हिज लिव्हिंग’. मी टाइप करून वाचून दाखवलं, "त्याचा जीव गेला."

"मग पुढचा शब्दकोश काय भुताने लिहिला?" बाबा म्हणाले.

"इथे तसंच लिहिलंय, बाबा."

"लिव्हिंग म्हणजे पाद्र्याचं पद, बेटा. त्यासोबत घर, थोडी जमीन, गावच्या धान्यातला वाटा. ते गेलं. माणूस जिवंत आहे, मारू नको त्याला."

"मग ‘वतन गेलं’ लिहू? एका शब्दात बसतं."

बाबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"वतन तुझ्या पणजोबांचंही होतं," ते म्हणाले. "मेलेली ढोरं ओढायची, बोलावलं की पळायचं, अन् दारोदार भाकरी मागायची. एक दिवस सभेतून आले अन् सांगितलं, उद्यापासून नाही. दुसऱ्या दिवशी गावाने विहीर, रस्ता, काम, सगळं बंद केलं."

"नको मग तो शब्द. दुसरा शोधू."

"शब्द राहू दे. क्रियापद बदल. शपथ घेतली असती तर याचंही राहिलं असतं. गेलं नाही ते. ‘वतन सोडलं’ लिही."

मी लिहिलं.

प्रकरण पुरं झाल्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलं, एका पानावर जेमतेम पाच ओळी. बाबांनी पान खिडकीपाशी नेलं, तिरपं धरलं, डोळ्याच्या कडेने बघत राहिले. पान उलटलं, परत आणलं. ओळी त्यांच्या हाती लागत नव्हत्या. मी टेबललॅम्प जवळ सरकवला.

बऱ्याच वेळाने त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"सोडलं," त्यांनी वाचलं. आणखी थोडा वेळ बोट तिथेच ठेवलं, मग कागद माझ्याकडे दिले.

"बाकीचं तू वाच. सावकाश वाच, घाई करू नको."

मी खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.