आईच्या वजनाचं औषध

गेल्या महिन्यात खेडच्या शाळेतून बाहेर पडले, तर माझा चुलतभाऊ फाटकात उभा. “डॉक्टर कुसुमताई गेल्या गं...” एवढंच म्हणाला. मिळेल त्या एसटीनं आम्ही हर्णेला निघालो.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईच्या पायाला माशाचा काटा लागला होता. आई बंदरावर मासळी विकणारी, अंगानं चांगलीच दांडगी. पाय गुडघ्यापर्यंत लालभडक सुजला, तापात ती बरळू लागली. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण सूज चढतच गेली. “पाय कापावा लागेल,” ते म्हणाले. आई साफ नाही म्हणाली... मग तिला गावी कुसुमताईंकडे आणलं.

“औषध बरोबर आहे, पण सडपातळ माणसाला पुरेल एवढंच दिलंय,” ताई म्हणाल्या. “वजन केलं होतं कुणी?” कुणीच केलं नव्हतं. दवाखान्यातल्या काट्याची सुई टोकाला जाऊन अडकली, तेव्हा आईला खुर्चीत बसवून समोरच्या लाकडाच्या वखारीतल्या मोठ्या काट्यावर न्यावं लागलं. बघ्यांत हशा पिकला, आईनं पदरात तोंड लपवलं. ताई गर्रकन वळल्या. “हसताय ते खुर्ची धरायला या!” हसणारेच खुर्ची धरायला पुढे आले.

रक्त-लघवी तपासून आईची मूत्रपिंडं ठणठणीत असल्याची खात्री केली आणि मगच ताईंनी डोस वाढवला. शेजारच्या खाटेवर गळवानं बेजार झालेले हडकुळे आजोबा कुरकुरले, “तिला एवढं नि मला कमी?”

“आजोबा, तुमची मूत्रपिंडं थकलीत. जास्त दिलं तर औषध अंगात साचेल.”

शहरातल्या मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. आम्हाला ऐकू आला तो फक्त ताईंचा आवाज, “काही झालं तर जबाबदारी माझी. अर्धवट औषध देऊन पाय कापू देणार नाही.” फोन ठेवल्यावर मात्र त्या बराच वेळ आईच्या पायाशी बसून राहिल्या. सुजेच्या कडेनं त्यांनी पेनानं रेघ ओढली होती. हळूहळू लाली त्या रेघेच्या आत सरकली. आई पुन्हा मासळीच्या लिलावात उभी राहिली.

गेल्या महिन्यात ताईंना नेताना स्मशानाच्या वाटेवर पुरुषांनी आईला अडवलं. “बायकांनी इथनं मागं फिरायचं.”

“हा पाय तिनं राखलाय,” आई म्हणाली. “कुठवर चालायचं ते मी ठरवीन.”

आणि ती चढण चढून, चिता विझेपर्यंत तिथं उभी राहिली.