ओट्याखालची दारं आणि बोका

मोखाड्याच्या आमच्या घरात गॅस आला, सिमेंटचा ओटा आला, पण ओट्याखालचे कप्पे उघडेच राहिले. त्यांच्यावर एका बोक्याने हक्क सांगितला. आम्ही त्याला पाळलं नव्हतं, त्यानेच आम्हाला पाळलं होतं. मी शाळेतून येईपर्यंत सुकटीच्या डब्याचं झाकण एकीकडे आणि डबा दुसरीकडे. शेवटी वैतागून मी जाहीर केलं, की कप्प्यांना दारं मी स्वतः करणार.

नवरा जव्हारला कचेरीत कारकून. कुठे गप्प बसावं हे त्याला कळतं. सासरे मात्र मनसोक्त हसले. चिडवायचं असलं की ते मला शाळेतल्या पोरांसारखं 'बाई' म्हणतात.

"बाई, करवत म्हंजे खडू नाय."

ही करवत त्यांच्या खोलीत खुंटीवर असे आणि तिला हात लावायची कोणाची टाप नव्हती. मी मागितली. त्यांनी अट घातली.

"लाकूड मी देतो, करवत पण घे. पण बोका कप्प्यात शिरला तं सुतार येल, नि करवत परत खुंटीला. मंग मागायची नाय."

त्या क्षणी मला दारांपेक्षा करवतच जास्त हवी झाली.

आमच्याकडे घरासाठी राखलेलं लाकूड चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. धुराने त्याला कीड लागत नाही. सासऱ्यांनी तिथल्या काळ्याकुट्ट सागाच्या फळ्या काढून दिल्या, त्याही हसत हसत. तेव्हाच संशय यायला हवा होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अंगणात पसारा मांडला. दोन फळ्या शेजारी शेजारी, मागून आडव्या पट्ट्या, स्क्रू, बिजागऱ्या. पावसाळ्यात लाकूड फुगणार म्हणून कडेला फट सोडली. पहिलं दार जरा तिरकं झालं. सासरे मान वाकडी करून उभे राहिले आणि म्हणाले, "आता सरळ दिसतंय." मी मुकाट्याने बिजागरी काढून पुन्हा बसवली. मग काचपेपर घासून हात सोलवटले, जवसाचं तेल चोळलं, तशी फळ्यांमधून मधासारखा रंग वर आला. मी इतकी खूश झाले, की उगाचच दारं उघडत आणि लावत बसले.

संध्याकाळी आत सुकट ठेवली, कड्या लावल्या आणि बोक्याची वाट पाहिली. तो आला, दाराला नाक लावलं आणि वेडाच झाला. फळी चाटली, अंग घासलं, नखं मारली. कडी काही उघडली नाही, पण बोका हलेना. मी सुकट काढून दुसऱ्या कोपऱ्यात उघड्या टोपलीत ठेवली. त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रिकाम्या कप्प्यासमोर बसून दाराला लाडीगोडी चालूच.

मी दाराला नाक लावलं. बोंबील! सासूबाई असताना पावसाळ्याची बेगमी त्याच माळ्याला टांगलेली असायची. त्या गेल्या, चूल विझली, पण वर्षानुवर्षांचा तो वास फळ्यांत मुरून राहिला होता. माझ्या तेलाने तो बहुतेक जागाच केला.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं!"

सासरे डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होते. "मंग? बोलावू सुताराला?"

"कशाला? बोका कप्प्यात शिरला नाही. आणि सुकट उघड्यावर असून शाबूत आहे. अशी दारं तुमच्या सुताराने केली असती?"

सासरे उठून आपल्या खोलीत गेले. आता करवत मागायला येतील की काय, म्हणून मी ती पाठीमागे लपवून उभी राहिले.

बाहेर आले ते खुंटी घेऊन. भिंतीतून उपटून आणली होती. "ही तुज्या ओट्याजवळ ठोक. करवत टांगाया." मग जरा घुटमळले. "माळ्यावर अजून फळ्या हायेत. माज्या खोलीला एक कपाट कर."

"त्यांनाही बोंबलाचा वास असेल, बाबा. बोका तुमच्याकडे मुक्कामाला येईल."

"येऊ दे." ते दाराजवळ वाकले, नाक लावलं आणि बराच वेळ तसेच राहिले. "घासून घासून वास घालवू नको फक्त."