नोंद बंद करण्याआधी

मी औषधं देतो त्या सिरसाळ्याकडच्या सरकारी दवाखान्यात साथीच्या आजारांची माहिती कॉम्प्युटरवर भरणाऱ्या एक ताई आहेत. रुग्णाचं नाव टाईप करताना त्या ते हळूच पुटपुटतात, जणू माणूस समोरच बसलाय. ‘बरा झाला’ असं नोंदवण्याआधी स्वतः फोन लावतात.

परवा डेंगी झालेल्या एका लहान पोरीला घेऊन तिची आई ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेली. फोन लागेना.

"नोंद बंद करून टाका," साहेब म्हणाले.

"पोरगी बोलल्याबिगर कशी करू, सर?"

संध्याकाळी एकदाचा फोन लागला. पोरीनंच उचलला.

"ताप हाय का गं?"

"न्हाई. भूक लागली."

"मग आदी जेव, बाई."

मी कुलूप लावायला आलो, तर ताई फोन कानाला धरून तिचं जेवण ऐकत बसल्या होत्या.