काळ्या जिभेच्या मंदाताई

मंदाताई एखाद्या घरात पहिल्यांदा गेल्या की टेकायच्या आधीच त्या घरातल्या माणसाची पडायची जागा दाखवायच्या. न्हाणीतला शेवाळलेला दगड, उंबऱ्यापुढची उखडलेली फरशी, खाटेखालून ओढलेली वायर. बोट सरळ, आवाज थंड. "इथं पडताल तुमी, मावशी. आन् पडलात की उठणार न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई, पण इथंच." चहा ठेवायला निघालेली सून जागीच थांबायची. कोपऱ्यातलं एखादं म्हातारं माणूस "शिव शिव" म्हणायचं. आणि आम्ही गल्लीच्या वळणाला पोचतो न पोचतो तोच मागून मीठमोहऱ्या विस्तवावर तडतडल्याचा वास यायचा. मी एकदा त्यांना म्हटलं, "ताई, आपली दृष्ट काढतायत." त्या म्हणाल्या, "काढू दे. पण दगड काढत न्हाईत बग."

त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. परभणीतल्या एका संस्थेच्या वतीनं गावोगाव फिरायचं आणि अंगावरून वारं गेलेल्या, कंबर मोडलेल्या, हात गमावलेल्या मोठ्या माणसांना त्यांच्याच घरात त्यांचं रोजचं आयुष्य पुन्हा करायला शिकवायचं, हे त्यांचं काम. मी त्यांच्यासोबत फिरणारी कार्यकर्ती. लोकांना ताईंचं ते इंग्रजी पद काही केल्या उच्चारता यायचं नाही. ते त्यांना 'मालिशवाली मॅडम' म्हणायचे. त्यावर ताईंचं उत्तर ठरलेलं होतं. "मालिशवाला नस दाबतो. मी इचारते, या हातानं करायचंय काय? भाकर थापायची? म्हस पिळायची? कुणाच्या थोबाडीत मारायची? बोला, तेच शिकवते." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग एखादी हळूच विचारायची, "तिसरं किती दिवसांत जमंल?"

सेवा या शब्दाचा मात्र त्यांना मनापासून राग होता. आपल्याकडं आजारी माणसाला हलू न देणं ही मायेची मोठी खूण. पाण्याचा तांब्या उचलू द्यायचा नाही, घास भरवायचा, अंथरुणातच सगळं उरकायचं, आणि गावानं म्हणायचं, काय पोरगा आहे, बापाला फुलासारखं ठेवलंय. ताई म्हणायच्या, "बापाचा देव केला की झालं. देवाला कुठं हलायची मुभा असते?" हे वाक्य मला इतकं आवडलं की मी लगेच त्याचं पत्रक काढायला निघाले होते. ताईंनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "पत्रकानं न्हाणीतला दगड बदलंल का गं?"

पालमकडच्या एका गावात गुरुलिंग अप्पा होते. लिंगायत घर, किराणा दुकान, थोडी काळी जमीन. अप्पांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय ओढत होता, तोंड वाकडं झालं होतं आणि डाव्या हाताची मूठ अशी वळली होती की नखं तळव्यात रुतायची. मुलगा बसवराज आणि सून संगीता त्यांचं सगळं करत. खरंच करत, त्यात खोट नव्हती. ताईंनी नेहमीप्रमाणं विचारलं, या हातानं काय करायचंय? बसवराज म्हणाला, "काय करायचंय आता त्यांना, मॅडम? आमी हाव की." ताई त्याच्याकडं न बघता अप्पांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. बराच वेळ ओठ हलले आणि मग शब्द आले, "लिंग… धरायचंय."

इष्टलिंगाची पूजा डाव्या तळहातावर होते. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढायचं, डाव्या तळव्यावर बसवायचं आणि उजव्या हातानं विभूती, बेल वाहायचा. हा हात वळल्यापासून अप्पांची डबी उघडलीच नव्हती. आजारपणात नुसता नमस्कार पोचतो, असं मठातल्या स्वामींनी सांगितलं होतं. घराचं समाधान झालं होतं. अप्पांचं झालं नव्हतं.

मग ताईंनी ती मूठ हाती घेतली. कोमट पाण्यात हात धरायचा, मनगट वाकवून एकेक बोट सोडवायचं, कोपराखाली पाट ठेवायचा. तळव्यात आधी कापडाची गुंडाळी दिली, मग लिंबू, मग संत्रं. अप्पा वैतागून म्हणायचे, "बाई, फळाचं दुकान टाकायलाव का हातावर?" ताई म्हणायच्या, "दुकानदाराचा हात हाय, दुसरं काय ठेवू?" लिंगाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. ज्या दिवशी तळवा पुरता उघडला, त्या दिवशी त्या लांब भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अप्पांनी उजव्या हातानं स्वतः डबी उघडली. थरथरत्या तळव्यावर लिंग टेकवलं. ते कललं, सावरलं, राहिलं. "बसलं," अप्पा म्हणाले. बसवराजनं डोळे पुसले.

परतीच्या एसटीत मी आनंदानं बडबडत होते. ताई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "हात उघडला. आता त्यांना पाय पायजे असतील. आन् पाय मिळाले की घर बेजार हुईल. बग तू." मला त्यांचा राग आला. चांगल्या दिवशीसुद्धा या बाईला काळंच दिसतं, असं वाटलं.

अप्पांना पाय हवेच होते. काठी टेकत ते आधी अंगणात आले, मग दुकानापर्यंत, मग एके दिवशी महादेवाच्या देवळाकडं निघाले आणि नालीच्या कडेला घसरून चिखलात बसले. लागलं काहीच नाही. अप्पा हसत होते म्हणे. पण चार माणसांनी उचलून घरी आणलं आणि त्यातला एक जण बसवराजला सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, बापाला मोकळं सोडलं व्हय? जनावर बी बांधून ठेवतेत की." बाकीचे हसले. मला वाटतं, अप्पांचं पुढचं सगळं त्या हसण्यानं ठरवलं.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा अप्पांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. नवीकोरी, चकचकीत. ताई दारातच थांबल्या. "ही कुणासाठी?"

"अप्पासाठीच, मॅडम," बसवराज म्हणाला. "कापसाची वेचणी चालू हाय. दिवसभर आमी रानात. पुन्हा पडलेबिडले तर गाव तोंडात शेण घालंल."

"माणूस आतून कडी लावतो, बसवराज. बाहेरून गोठ्याला लावतेत."

त्यानं मान खाली घातली, पण कडीला हात लावला नाही. आम्ही आत गेलो. खोलीत कापूस भरला होता. तिन्ही भिंतींना टेकून, आढ्यापर्यंत. भाव चढेपर्यंत ठेवायचा होता आणि घरात न गळणाऱ्या छताची खोली ही एकच. कापसाच्या त्या पांढऱ्या खोबणीत अप्पांची खाट होती. त्यांच्या भुवयांवर तंतू चिकटले होते. पंख्याची वायर कापसाच्या ढिगामागून गेली होती आणि तिचा उघडा जोड ढिगातूनच डोकावत होता.

ताईंचं बोट उठलं. या वेळी ते एका दगडाकडं नव्हतं. त्यांनी ते सगळ्या खोलीवरून फिरवलं. "हे पेटंल," त्या म्हणाल्या. "आन् तवा दार बाहेरून लावलेलं असंल."

संगीताच्या हातातली परात खाली आदळली. "घरात लेकीचं लगन ठरायलंय, आन् तुमी असलं बोलायलाव? तोंडातून चांगलं काही निघतच न्हाई का तुमच्या?"

"कापूस हलवा. न्हाईतर कडी काढा. दोन्हीतलं एक करा, मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई."

बसवराजनं हात जोडले. "मॅडम, तुमचे लय उपकार हायेत. पण आता येऊ नका." खाटेवरून अप्पांचा आवाज आला, "बाई, चालायचं… चालू ठिवू ना?" ताई वळल्या. "चालू ठिवा, अप्पा. सोडू नका."

आम्ही गप्प बसलो नाही. मी संस्थेत जाऊन भांडले, पोलिसांना कळवा म्हणाले. तिथं उत्तर मिळालं, हा घरचा मामला आहे, कुटुंबाच्या मर्जीविना आपण पाऊल टाकत नाही. ताई बसवराजला फोन करत राहिल्या. त्यानं उचलणं बंद केलं. शेजारच्या काकूंना त्यांनी विनवलं, दुपारची एक चक्कर मारत जा. काकू म्हणाल्या, "आमी बी रानातच असतो, बाई. वेचणीच्या दिवसांत गल्लीत कुत्रं बी राहत न्हाई."

दुपारीच झालं. धूर आधी रानातून दिसला. लोक पळत येईपर्यंत छत खाली आलं होतं. लग्न ठरलेली लेक, सून, मुलगा, सगळे कमरेला वेचलेल्या कापसाच्या ओट्या तशाच बांधलेल्या, पळत आले. अप्पा खाटेवर सापडले नाहीत. ते दाराच्या आतल्या बाजूला सापडले, दाराला चिकटून.

दिवस मावळायच्या आत गावाचा निकाल लागला होता. त्या बाईनं बोललं म्हणून झालं. काळी जीभ. मोबाइलवरून ही बातमी आमच्या आधी पुढच्या गावांत पोचली. ओळखीच्या घरांनी आम्हाला, येऊ नका, असे निरोप धाडले. मी हे लिहायला बसले ते याचसाठी. अजूनही तिकडं असंच सांगतात. माणूस जिभेनं मरत नाही. अप्पा कडीनं मेले, आणि ती कडी लावणारा हात एकट्या बसवराजचा नव्हता. त्या दिवशी दारात उभं राहून हसलेल्या सगळ्यांचे हात तिला लागले होते.

ताई भेटायला गेल्या. मी नको म्हणत होते. घर जळालेलं, म्हणून माणसं शेजारच्या ओसरीवर बसली होती. बायकांनी तोंडं फिरवली. बसवराजचे डोळे सुजले होते. तो सावकाश म्हणाला, "तुमी चालायला शिकवलं नसतं, तर अप्पा खाटेवरच गेले असते. त्यांला कळलं बी नसतं."

मी उसळले. ताईंनी माझं मनगट दाबून धरलं.

"कळलं असतं, बसवराज," त्या म्हणाल्या. "कळलं म्हणून तर उठले. खाटेवरून दारापर्यंत आणायचं काम माझं व्हतं. मी आणलं. पुढचं तुमचं व्हतं."

आवाजात राग नव्हता. बसवराजनं तोंड गुडघ्यांत घातलं. ताई थोडा वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या आणि मग उठल्या.

एसटीच्या थांब्याकडं जाताना त्याच गल्लीत एका बंद दारामागून खोकल्याचा आवाज आला. दाराला बाहेरून कडी होती. घरचे सगळे रानात. ज्या गावानं परवाच एक माणूस असा घालवला, त्याच गावात. ताईंनी कडी काढली. आत अंधारात एक म्हातारी उठून बसली. "कोण हाय?"

"मी मंदा. बसते जरा इथं. चालंल ना?"

"बस माय. पण ते वरडतील."

ताई उंबऱ्यावर बसल्या. आमची गाडी गेली. म्हातारी आपल्या माहेराबद्दल बोलत राहिली आणि ताई ऐकत राहिल्या. ऊन कलल्यावर घरचे परतले. पुढं असलेला माणूस लांबूनच ओरडला, "कुणाच्या इजाजतीनं दार उघडलं, बाई? एक घर खाल्लं, आता आमचं व्हय?" ताई उठल्या. त्यांनी त्याला काही दाखवलं नाही, काही भाकीत केलं नाही. नुसत्या बाजूला झाल्या, म्हणजे त्याला आत जाता यावं.

त्याच आठवड्यात संस्थेनं ताईंना कामावरून काढलं. गावाकडून तक्रार आली होती. मी कारण विचारलं तर सांगण्यात आलं, मालकाच्या परवानगीविना घरात शिरल्या.

ताई घरात शिरल्या नव्हत्या. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. दार उघडं राहावं म्हणून.